थ्री नॉट थ्रीचा पार्ट 315 ला बसतो का? बसतो, पण थांबा जरा

आचारसंहिता लागली की आपल्या सातारा-सांगलीत एक ठरलेला कार्यक्रम असतो. परवानावाल्यांना पोलीस ठाण्यातनं निरोप येतो, हत्यार जमा करा. मग रिटायर्ड फौजी, बँकेवर गार्ड असलेली मंडळी, पाटण-जावळी-शिराळ्याकडचे रानडुकराला आणि गव्याला वैतागलेले शेतकरी, सगळे आपापली बंदूक कापडात गुंडाळून हजर. त्यात बारा बोअर डबल बॅरलच जास्त, पण मधेच एखादी 315 बोअरची रायफल निघते आणि तिच्याकडं बघून कोणतरी हमखास म्हणतं, "आरं ही तर थ्री नॉट थ्रीच की, नुसतं लाकूड कापलंय." मग चहा येईपर्यंत चर्चा तीच. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट (मागं-पुढं सरकवून नळीचं मागचं तोंड बंद करतात तो दांडा) हिला बसंल का, मॅगझिन (काडतुसांचा डबा) बसंल का, आणि बसत असंल तर मग सरकारनं एकीला लष्करी आणि एकीला सिव्हिल म्हणून वेगळं ठेवलंय कशाला?

प्रश्न बरोबर आहे. आणि ज्याचं लाकडाकडं लक्ष गेलं त्याचं निरीक्षण पण निम्मं बरोबर आहे.

## दोघींचं घराणं एकच

थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या माणसाचं डिझाइन आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डचा सरकारी कारखाना, म्हणून ते जोडनाव. आपल्याकडं जी सगळ्यात जास्त दिसते ती हिची आखूड आवृत्ती, 1907 चं मार्क थ्री मॉडेल आणि पहिल्या महायुद्धात घाईघाईनं सोपं केलेलं त्याचं स्टारवालं रूप. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाची 46 माणसं त्या युद्धात कामी आली, तर त्या काळातल्या आपल्याकडच्या शिपायांच्या हातात ही नाहीतर हिची आधीची बहीण असायची. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ही ब्रिटिश काळापासून बनत होती आणि स्वातंत्र्यानंतर पण बनत राहिली. पोलिसांकडं तर ती इतकी टिकली की 2008 च्या 26/11 ला सीएसटी स्टेशनवर पोलिसांच्या हातात हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला.

आता 315. ही ईशापूरचीच स्पोर्टिंग रायफल, आणि तिचा सांगाडा म्हणजे बोल्ट, चाप, घोड्याची यंत्रणा हे ज्यात बसतं ती पेटी (हिला ॲक्शन म्हणतात, पुढं मी हाच शब्द वापरतो) ती सरळ ली-एनफिल्डची. त्यात नवल काही नाही. कारखान्यात मशिनी त्याच, साचे तेच, कारागीर तेच, मग सिव्हिल लोकांसाठी दुसरी रायफल पहिल्यापासून कोण कशाला डिझाइन करत बसंल.

म्हणजे वेगळं काय केलं? नळी बदलली, काडतूस बदललं, दहाच्या जागी पाच काडतुसांचं मॅगझिन दिलं, आणि पुढचं लाकूड आखूड करून संगीन लावायची सोय काढून टाकली. लाकूड आणि संगीन डोळ्याला दिसतं म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात. खरी गोष्ट काडतुसात आहे.

## एवढ्या उठाठेवीचं कारण काय होतं?

ब्रिटिशांना भीती होती. 1857 नंतर हिंदी माणसाच्या हातात हत्यार किती आणि कसलं असावं यावर त्यांची बारीक नजर, 1878 चा शस्त्र कायदा त्यातनंच आला. रायफल चोरीला जाणार, शिपाई ती घेऊन पळणार, हे ते गृहीतच धरून चालायचे. पण रायफलला रोज खायला लागतं. लष्करी काडतूस बाजारात मिळतच नसंल तर चोरलेली रायफल थोड्या दिवसात लोखंडाची काठी होते. आणि उलट बाजूनं, शिकाऱ्याकडं असलेली रायफल लष्करी काडतूस खाऊच शकत नसंल तर कोठारातली काडतुसं चोरून तिच्यात घालता येत नाहीत. दोन्ही बाजूनं दार बंद.

म्हणून सिव्हिलसाठी .303 नको असं ठरलं आणि त्या जागी जे काडतूस आलं ते 8 बाय 50 मिलिमीटरचं मॅनलिखर. गंमत बघा, हे काडतूस काय बिनलष्करी नव्हतं, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं ते अधिकृत काडतूस होतं आणि पहिल्या महायुद्धात त्यांची फौज इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला होती. आपल्या फौजेचं नाही एवढंच बघितलं. त्या हिशेबानं आपल्याकडं सिव्हिल म्हणजे काय, तर दुसऱ्या राजाचं लष्करी.

याच डोक्यातनं आणखी एक प्रकार निघाला तो फार कमी लोकांना माहितीये. ईशापूरनं जुन्या थ्री नॉट थ्रीच्या नळीतल्या खाचा घालवून ती गुळगुळीत, एकबारी .410 मस्केट करून टाकली, मॅगझिनच्या जागेत लाकडाचा ठोकळा ठोकला, आणि ती पोलिसांना आणि पहाऱ्याच्या शिपायांना दिली. लांबनं बघितलं तर थ्री नॉट थ्री. काडतूस मात्र भलतंच, .303 ची पुंगळी तोंडाशी न दाबता सरळच ठेवलेली. एकाच सांगाड्यावर लष्कराची एक, पोलिसाची एक, शिकाऱ्याची एक, आणि कुणाचं काडतूस कुणाला नाही.

## आकड्यांनी होणारा गोंधळ

"303 आणि 315 मध्ये फरक तो कितीसा, इंचाच्या हजार भागातले बारा भाग, नळी जरा घासली की झालं." हे वाक्य मी पोलीस ठाण्याच्या आवारातच ऐकलंय आणि बोलणारा माणूस चांगला शिकलेला होता.

हे आकडे नळीच्या आतल्या भोकाचे आहेत, इंचात. .303 म्हणजे साधारण 7.7 मिलिमीटर, .315 म्हणजे 8. नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यांच्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते, आणि हे माप दोन खाचांमधल्या उंचवट्यापासनं समोरच्या उंचवट्यापर्यंत घेतलेलं असतं. प्रत्यक्ष गोळी त्याहून जाड असते, नाहीतर ती खाचा पकडणारच नाही. .303 ची गोळी .311-.312 इंचाची असते.

आणि गोळी म्हणजे काडतूस नव्हे. गोळी हे पुढचं टोक. मागं दारूची पितळी पुंगळी असते, आणि ती नळीच्या मागच्या ज्या पोकळीत बसते तिला चेंबर म्हणतात. .303 ची पुंगळी 56 मिलिमीटर लांब, 315 ची 50, पण 315 ची पुंगळी बुडाशी जाड. त्यामुळं 315 चं काडतूस .303 च्या चेंबरमध्ये शिरत नाही, जाड पडतं, आणि .303 चं काडतूस 315 च्या चेंबरमध्ये पूर्ण आत जात नाही, कारण जिथं ह्याचं अंग अजून जाड आहे तिथं त्या चेंबरची मान सुरू झालेली असते. म्हणजे आकडे शेजारशेजारचे दिसले तरी दोघींचं काडतुसाच्या बाबतीत अजिबात जमत नाही, आणि तेच पाहिजे होतं.

## मग कुठला पार्ट बसतो?

घरातले दोन कुकर घ्या, एकाच कंपनीचे, 3 लिटरचा आणि 5 लिटरचा. शिट्टी ह्याची त्याला चालते, हँडलचा स्क्रू चालतो. रिंग मात्र चालत नाही, आणि थोडी सैल रिंग दाबून बसवून शिजायला ठेवलं तर काय होतं ते किचनच्या छताला विचारा. ज्या पार्टला प्रेशर सांभाळायचं नाही तो बदलला तर बदलला. ज्याला प्रेशर सांभाळायचं आहे तिथं "जवळपास बसतंय" ह्याला काही किंमत नाही.

रायफलमध्ये बटची पितळी प्लेट, पट्ट्याच्या कड्या, बरेचसे स्क्रू, चापाच्या आसपासचे तुकडे, सेफ्टीचा खटका, बोल्टमधली स्प्रिंग, हे शिट्टीच्या जातीतले. ॲक्शन एकच असल्यानं ते मूळ आराखड्यात एकच आहेत. चापाच्या तुकड्यांना पण घासून जुळवावं लागतं बरं का, नाहीतर घोडा अर्धवट अडकतो आणि बंदूक आपटली की सुटतो, त्यामुळं "बसला" म्हणून तिथं पण मोकळं होता येत नाही.

लाकूड हा मधला प्रकार. लोकांना वाटतं लाकूड म्हणजे नुसती शोभा. पण ह्या रायफलमध्ये पुढचं लाकूड नळीला ठराविक जागी टेकलेलं असतं आणि ठराविक जागी मोकळं, आणि ते आर्मररनं (हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर) हातानं जुळवलेलं असतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की नेम सरकतो. ईशापूरवाल्यांनी तर पुढच्या लाकडाला आडवा स्क्रू मारून मजबुती दिली, जुन्या भारतीय रायफलीत मॅगझिनच्या पुढं तो दिसतो, ओळखायची ती एक खूणच आहे.

आणि मॅगझिन. ते दोन वेगळ्या आकाराच्या काडतुसांसाठी वाकवलेलं असतं, पुंगळीची किनार (बुडाशी बाहेर आलेली कड) एकमेकीवर कशी बसावी ह्याचा हिशेब त्याच्या तोंडाशी केलेला असतो. खाचेत अडकेल, पण काडतूस वर ढकलताना ठेचकाळत बसंल.

राहिली नळी आणि बोल्ट. इथं खरा मामला आहे.

## बोल्टवरचा नंबर

आमचे मामा फौजेतनं रिटायर होऊन गार्डच्या नोकरीला लागले तेव्हा त्यांनी 315 घेतली. साफसफाईला बसले की जुनं पांघरूण अंथरतात, बोल्ट मागं ओढून पुढचा तुकडा वर फिरवतात आणि अख्खा बोल्ट बाहेर. एकदा त्यांना मी हेच विचारलं की मामा, दुसऱ्या रायफलचा बोल्ट हिला लावला तर? त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मुठीच्या मागं अंगठा फिरव." बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, तेलानं काळपट झालेल्या लोखंडात, ठोकून काढलेले आकडे बोटाला लागत होते. तेच आकडे ॲक्शनवर. "हे दोन नंबर जुळले तरच बार काढायचा. आपल्या फौजेत पण शेजारच्या जवानाचा बोल्ट घेतला तर शिव्या बसायच्या, आन तिथं तर दोन्ही थ्री नॉट थ्रीच."

म्हणजे लष्करी-सिव्हिल सोडा, लष्करी ते लष्करी सुद्धा बोल्ट नुसता उचलून लावत नाहीत. कारण असं की ह्या रायफलचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, आणि अडकायच्या दोन्ही बाजूंना भार सारखा यावा म्हणून तो त्या-त्या ॲक्शनला घासून बसवलेला असतो. एका बाजूलाच टेकला तर प्रत्येक बाराला बोल्ट वाकडा दाब खातो.

दुसरं कारण म्हणजे हेडस्पेस. बोल्टचा पुढचा तुकडा, ज्याला बोल्ट हेड म्हणतात, तो आट्यांवर फिरवून बसवलेला सुटा तुकडा असतो, आणि बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात काडतुसाची किनार मावेल एवढी फट राहते. तीच हेडस्पेस. .303 ला ही फट .064 ते .074 इंच असायला पाहिजे, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त यात फरक पाव मिलिमीटरचा. फट कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही, त्यात धोका नाही. जास्त पडली तर बोल्ट मस्त बंद होतो, काहीच कळत नाही, आणि बार झाला की पुंगळी मागं सरकून बुडाशी ताणते. एक दिवस ती तिथं फाटते आणि गरम वायू नळीतनं पुढं जायच्या ऐवजी तोंडाकडं येतो. 315 ची किनार .303 पेक्षा जराशी मोठी, त्यामुळं बोल्ट हेड आणि पुंगळी ओढून काढणारी आकडी पण तिच्याच मापाला जुळलेली लागते.

पाव मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. आर्मरर ते गेजनं (अचूक मापाचा तुकडा) बघतो, एका गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसऱ्यावर होताच कामा नये. हाताला घट्ट लागतंय, आवाज चांगला येतोय, ह्याला तपासणी म्हणत नाहीत.

## "पण एकाच नावाच्या लष्करी रायफली तरी एकमेकींना चालत असतील?"

नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडनं नंबर फोर म्हणून नवीन ली-एनफिल्ड काढली, काडतूस तेच .303, पण बोल्ट हेड वेगळं, नळीचे आटे वेगळे, फायरिंग पिनचे (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) आटे सुद्धा वेगळे. नंबर फोरला 0 ते 3 अशा नंबरांची बोल्ट हेड मिळायची, हेडस्पेस वाढली की वरच्या नंबरचं लावायचं. आपल्या जुन्या मार्क थ्रीला अशी नंबरांची सोयच नाही, तिथं कारागीर घासूनच जुळवणार.

1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं 2ए आणि मग 2ए1 काढली, दिसायला तीच जुनी बाई पण काडतूस 7.62. कोणी म्हणतं ही जुन्या रायफलीच नळी बदलून केल्या. तसं नाही, ह्या नव्यानं बनवलेल्या आणि पोलाद वरच्या दर्जाचं वापरलेलं, कारण 7.62 चा दाब जास्त. आजच्या युरोपियन मापानं .303 चा कमाल दाब 3650 बार धरतात (हा बार म्हणजे दाबाचं माप, बंदुकीचा बार नव्हे) आणि 7.62 च्या सिव्हिल भावाचा, म्हणजे .308 विंचेस्टरचा, 4150.

कॉलेजात एनसीसी केलेल्यांसाठी एक वेगळं सांगतो. परेडला जी थ्री नॉट थ्री खांद्यावर घेऊन फिरलात ती डीपी, म्हणजे ड्रिल परपज. ती बार काढायला नालायक ठरवून बाजूला काढलेली असते. तिचे पार्ट धडधाकट दिसतात आणि तेच वाईट, कारण का नालायक ठरली ते तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

## कायदा कुठं रेघ मारतो

आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित हत्यारांच्या यादीत .303 आणि 7.62 च्या रायफली आहेतच, पण त्यापुढं मुद्द्याचे शब्द आहेत, की दुसऱ्या कुठल्याही बोअरची रायफल, जिच्या चेंबरमध्ये .303 किंवा 7.62 चं लष्करी काडतूस बसून उडू शकतं, ती पण प्रतिबंधित. मघाचं .410 मस्केट पण त्याच यादीत नावानिशी आहे. म्हणजे कायद्याला लाकूड, संगीन, वय, कारखाना ह्याच्याशी घेणं नाही, तो सरळ चेंबरकडं बघतो. शंभर वर्षापूर्वीच्या साहेबाची भीती अजून नियमात जिवंत आहे म्हणा ना, आणि माझ्या मते ह्या एका बाबतीत ती रेघ बरोबर जागी मारलेली आहे.

म्हणून 315 ला .303 ची नळी लावणं ही दुरुस्ती होत नाही, ते हत्याराचा वर्ग बदलणं होतं. 2019 च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्याच्या कलम 6 मध्ये हे सरळच घातलंय, विनापरवाना एका वर्गातनं दुसऱ्या वर्गात हत्यार बदलणं गुन्हा. उलटं पण तेच. आजोबांची .303 आहे, 315 ची नळी टाकून कायदेशीर करू, हे डोक्यातनं काढा.

## "आम्ही नुसता पार्ट ठेवला, बंदूक कुठं ठेवली?"

हा आक्षेप हमखास येतो. 1959 च्या कायद्यात फायरआर्मच्या व्याख्येतच तिचे भाग पण धरलेत. कलम 45 मध्ये सूट आहे ती किरकोळ भागांना, आणि तीसुद्धा ते भाग आपल्याकडच्या किंवा दुसऱ्या कुणाकडच्या बाकीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसंल तरच. जुना पट्टा, बटची प्लेट कपाटात पडलीय, ठीक. नळी किंवा बोल्टला किरकोळ म्हणायचं धाडस कुठला वकील करणार नाही. भंगारवाल्याकडं मिळालं, हे पण उत्तर होत नाही.

## मग 315 ची स्प्रिंग तुटली तर करायचं काय?

परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं जायचं. दुरुस्ती, चाचणी ह्याला सुद्धा कायद्यानं वेगळा परवाना लागतो, गावातल्या लेथवाल्याकडं द्यायचं काम नाही हे, तो कितीही हुशार असू दे. नळी, बोल्ट, बोल्ट हेड यातलं काही असंल तर गेज लावून तपासल्याशिवाय परत घ्यायची नाही आणि लाजायचं नाही, समोर तपासा म्हणायचं. ईशापूरचा कारखाना 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी बोर्डाऐवजी ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ह्या सरकारी कंपनीत गेलाय, त्यामुळं जुन्या पावतीवरचं नाव आणि आताचं नाव जुळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि ज्यांच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या मागं रायफल राहिलीय त्यांनी आधी ती पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडं जमा करायची, पावती घ्यायची, मग वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. .303 असंल तर प्रतिबंधित बोअर म्हणून मामला केंद्रापर्यंत जातो. 2019 पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारसा हक्कानं आलेलं पण त्यातच मोजतात, म्हणजे घरात आधीच दोन असतील तर भावाच्या नावानं अर्ज करायचा का ते अर्ज भरायच्या आधी घरात बसून ठरवा.